तिसरा खटका

रिव्हॉल्व्हरचा घोडा अंगठ्याने सावकाश मागे ओढला आणि चार खटक्यांऐवजी तीनच पडले. पहिला, दुसरा, मग जिथे तिसरा यायचा तिथे नुसती शांतता, आणि शेवटचा. टेबलावरचं रिव्हॉल्व्हर तसं नवंच. अमेरिकेतल्या कोल्ट कंपनीच्या १८७३ च्या नमुन्याची, इटलीत बनलेली प्रतिकृती, .४५ कॅलिबरची (म्हणजे नळीचं भोक सुमारे ०.४५ इंचाचं), तीनशे बारही न झालेली. वरून बघावं तर कुठे ओरखडा नाही. निळसर काळी नळी, फ्रेमवर पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखे जांभळे-तपकिरी रंग, अक्रोडाच्या लाकडाची मूठ. पण घोडा पूर्ण ताणल्यावर काडतुसांची सहा घरं असलेला फिरता सिलिंडर जागच्या जागी घट्ट बसायला हवा, तो बोट लावताच भिरभिऱ्यासारखा फिरत होता. खालची चापाची कमान उतरवली तर पोलादाचा नखाएवढा तुकडा टेबलावर टपकला. तिथे दोन पायांची एक चपटी स्प्रिंग असते. एक पाय चापाला रेटतो, दुसरा सिलिंडर अडवणाऱ्या खिट्टीला. खिट्टीचा पाय मुळातून गेला होता. किलोभर वजनाचं यंत्र, आणि एवढ्याशा तुकड्याने त्याला आडवं केलं.

न पडलेला खटका फार खटकतो.

या यंत्राच्या अवयवांना मराठीत हाका मारताना थोडी पंचाईत होते. घोडा म्हणजे मागचा, अंगठ्याने ओढायचा हातोडा. पण बोलण्याच्या ओघात लोक चापालाही घोडा म्हणतात, आणि मुंबईच्या गल्लीबोळांत तर अख्ख्या पिस्तुलालाच. इथे घोडा म्हणजे हातोडाच धरू, कारण सिंगल-अ‍ॅक्शनमध्ये (दर बाराला घोडा हाताने ताणावा लागतो अशा रिव्हॉल्व्हरमध्ये) सगळी मेहनत त्याचीच. चाप फक्त त्याला सोडतो. घोडा मागे येऊ लागला की त्याच्या कुशीतला एक उंचवटा खिट्टीची शेपटी उचलतो, खिट्टीचं डोकं खाली जातं आणि सिलिंडर मोकळा होतो. मग ‘हात’ नावाची पट्टी वर सरकते, सिलिंडरच्या पाठीवरच्या दात्याला ढकलते आणि पुढचं घर नळीसमोर येऊ लागतं. पहिला खटका सुरक्षा-खाचेचा. दुसरा अर्ध्या ताणाचा. इथे सिलिंडर हाताने फिरतो आणि बाजूच्या झडपेतून काडतुसं भरता येतात. तिसरा खिट्टीचा: शेपटी उंचवट्यावरून निसटते आणि डोकं उसळून सिलिंडरच्या खाचेत बसतं. चौथा पूर्ण ताणाचा. तिसरा आणि चौथा जवळजवळ एका श्वासात यावेत, ही चांगल्या जुळणीची खूण. या चार खटक्यांत ‘कोल्ट’ची चार इंग्रजी अक्षरं ऐकू येतात, असं तिकडचे शौकीन सांगतात. इथे तिसरं अक्षर गळालं होतं.

‘प्रतिकृती मजबूत असते का?’ या प्रश्नाची गंमत अशी, की विचारणाऱ्याच्या मनात एक मजबुती असते आणि त्रास दुसरीच देते. फुटणार नाही, ही एक मजबुती. बिघडणार नाही, ही दुसरी. पहिलीची काळजी घ्यायला इटलीत कायदा आहे. ब्रेशियाच्या वरच्या अंगाला व्हाल त्रोम्पिया नावाची दरी आहे, लोखंडाच्या खाणींची आणि नळ्या घडवणाऱ्यांची. बेरेत्ता घराण्याने व्हेनिसला १८५ नळ्या विकल्याची नोंद १५२६ सालची आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धाची शताब्दी १९६१ मध्ये येणार, हे ओळखून जुन्या कोल्टच्या नकला काढायचा धंदा याच दरीत रुजला. आल्दो उबेर्तींचा कारखाना १९५९ चा. गार्दोनेच्या चाचणीगृहात प्रत्येक नगावर नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार काढतात आणि मगच शिक्का मारतात. काळ्या दारूच्या, म्हणजे जुन्या, धूर सोडणाऱ्या बंदुकीच्या दारूच्या हत्यारावर ताऱ्याखाली ‘पीएन’ ही अक्षरं दिसतात, आणि जवळच्या छोट्या चौकोनात वर्षाची खूण: ‘एए’ म्हणजे १९७५, ‘एबी’ म्हणजे १९७६. जुनी प्रतिकृती विकत घेताना आधी हा चौकोन शोधावा. विकणाऱ्याच्या आठवणीपेक्षा तो बरा. पण शिक्का सांगतो तो नळीचा आणि सिलिंडरचा दाब. आतल्या चपट्या स्प्रिंगच्या वळणात काय चाललंय, ते त्याला ठाऊक नसतं.

दाबाचं गणित मात्र ज्याने त्याने स्वतः समजून घ्यावं, कारण एकाच आकाराची फ्रेम वेगवेगळ्या कॅलिबरमध्ये विकली जाते आणि लोकांना वाटतं मोठं भोक म्हणजे मोठी ताकद. उलट आहे. .४५ कोल्टच्या काडतुसाची मान्य कमाल दाबमर्यादा चौरस इंचाला १४,००० पौंड; .३५७ मॅग्नमची ३५,०००. आणि तरीही त्याच मापाचा सिलिंडर .३५७ सहज सोसतो, कारण त्यातलं घर जेमतेम पावणेदहा मिलिमीटर रुंद, तर .४५ चं सव्वाबारा. म्हणजे बाहेरच्या बाजूला सव्वा मिलिमीटर जास्त पोलाद. .४५ मध्ये घराबाहेरची भिंत आधीच पातळ, आणि खिट्टीची खाच कापलेली असते ती नेमकी घराच्या माथ्यावर. सिलिंडर फुगला तर तिथे फुगतो, आणि फाटलाच तर सिलिंडरवरून जाणारी फ्रेमची वरची पट्टीही घेऊन जातो. मूळ काडतुसात ४० ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम) काळी दारू आणि २५५ ग्रेनची शिशाची गोळी असे. काळ्या दारूने ते इतकं भरून जाई की चुकून दुप्पट भरायची सोयच नव्हती. बिनधुराची दारू त्याच पुंगळीत तळाशी चिमूटभर बसते. दुप्पट पडली तरी डोळ्याला कळत नाही. प्रतिकृती फुटल्याचे जे फोटो फिरतात, त्यांत पोलादापेक्षा भरणाऱ्याच्या हाताकडे बोट दाखवण्यासारखं जास्त असतं.

मग ज्या गोष्टी खरोखर बिघडतात त्या कुठून येतात? बऱ्याचदा मूळ नमुन्यातूनच, इमानेइतबारे उतरवून घेतलेल्या. १८४७ च्या वॉकर कोल्टचं उदाहरण घ्या. दोन किलोचं धूड, एकेका घरात ६० ग्रेनपर्यंत दारू. त्या काळच्या लोखंडाला ते झेपलं नाही, सिलिंडर फाटले. आजच्या प्रतिकृतीत पोलाद आधुनिक, त्यामुळे ते दुखणं संपलं. पण वॉकरला आणखी एक खोड होती. नळीखालचा, दारू-गोळी घरात ठासायचा दांडा नुसत्या एका चिमटा-स्प्रिंगवर अडकवलेला. जोरदार धक्क्याने तो सुटतो, खाली लोंबतो, आणि त्याचं टोक सिलिंडरच्या घरात घुसून फिरणं बंद पाडतं. कोल्टने पुढच्या, ड्रॅगून नावाच्या नमुन्यात दांड्याच्या टोकाला नळीपाशी अडकण देऊन हे निस्तरलं. प्रतिकृतीवाल्याला हे सगळं माहीत असतं. तरी तो वॉकर बनवतो तेव्हा दांडा तसाच लोंबता ठेवतो, कारण निस्तरला तर तो वॉकर राहत नाही. गिऱ्हाईक मग चामड्याची वादी घेऊन दांडा नळीला बांधतं आणि मगच बार काढतं. पावणेदोनशे वर्षांपूर्वीची चूक आज अचूक यंत्रावर, चांगल्या पोलादात, हौसेने कापली जाते. याला प्रामाणिकपणा म्हणावं की हट्ट?

उलटही होतं: मुळात नसलेली चूक नकलेत शिरते. वरची पट्टी नसलेल्या जुन्या कोल्टमध्ये नळी फ्रेमला जोडलेली असते ती एका जाड दांड्याने, म्हणजे सिलिंडरच्या आसाने, आणि त्यातून आडव्या जाणाऱ्या पाचरीने. कुऱ्हाडीला दांडा बसवताना मारतात तीच कल्पना. मूळ कोल्टमध्ये आसाचं टोक नळीच्या भोकाच्या तळाला टेकतं. म्हणजे पाचर ठोकली की नळी दोन जागी आवळली जाते, वर आसाच्या टोकावर आणि खाली फ्रेमच्या खुंट्यांवर, आणि सिलिंडर-नळीतली फट कायम राहते. काही प्रतिकृतींत मात्र हा आस भोकापेक्षा तोकडा पडतो. मग पाचर जितकी जोरात ठोकावी तितकी नळी मागे झुकते, फट बुजते, सिलिंडर घासतो. सैल ठेवावी तर प्रत्येक बाराला नळी नि पाचर एकमेकींना ठोकत राहतात आणि पाचरीच्या कडा चेपतात. लोक पाचरीला शिव्या घालतात, नवी पाचर आणतात, तीही महिन्याभरात तशीच.

हे तपासायला कुठलंही यंत्र लागत नाही. रिव्हॉल्व्हर रिकामं आहे याची सहाही घरं बघून खात्री करायची. पाचर, नळी आणि सिलिंडर काढायचे. नळी पुन्हा आसावर चढवायची, पण थोडी फिरवून, म्हणजे तिचा खालचा जबडा फ्रेमच्या पुढ्यात न येता शेजारून जाईल. आस भोकात तळापर्यंत जाईतो दाबायचं. जबड्याची मागची कड फ्रेमच्या पुढच्या कडेला येऊन थांबली, तर आस बरोबर. कड ओलांडून मागे गेली, तर जितकी गेली तितका आस तोकडा. तेवढ्या जाडीची पोलादी चकती भोकाच्या तळाशी बसवली, हळूहळू कानस लावत लावत, की पाचर अंगठ्याने दाबून आणि लाकडी मुठीचा हलका ठोका देऊन भागतं. खर्च जवळजवळ शून्य. कारखान्यात हेच का होत नाही, त्याचं कारण मला एकच दिसतं: विकत घेणारा दुकानात उभा राहून पाचर काढून बघत नाही, रंग बघतो.

पितळेचंही तसंच आहे. चकचकीत पिवळी फ्रेम दिसली की नवखा माणूस हमखास तिकडे वळतो, आणि ती असते स्वस्त. यादवी युद्धात दक्षिणेकडे पोलादाचा दुष्काळ होता. जॉर्जियातल्या ग्रिझवोल्डव्हिलच्या कारखान्यात म्हणून पितळी फ्रेमची रिव्हॉल्व्हरं बनली, बरीचशी गुलाम कारागिरांच्या हातून, आणि नोव्हेंबर १८६४ मध्ये उत्तरेच्या फौजेने तो जाळला. ती .३६ ची होती. आज पितळी फ्रेमवर .४४ चे सिलिंडर चढवून विकतात. रेमिंग्टन या दुसऱ्या कंपनीच्या नमुन्याचं पितळी रिव्हॉल्व्हरही मिळतं, जे त्या काळी कुणी बनवलंच नव्हतं. प्रत्येक बाराला सिलिंडर मागे आपटतो आणि त्याच्या दात्यांचा शिक्का मऊ पितळेवर उमटू लागतो. आधी फिकट गोल, मग बोटाला लागेल असा खळगा. खळग्याइतकी नळीसमोरची फट वाढते. पुढे पितळेत आटे पाडून बसवलेला आस डुगडुगू लागतो, आणि तो ढिला झाला की सगळंच ढिलं. पोलादी फ्रेमला ३० ग्रेन चालतात म्हणून पितळीला तेवढे घालू नयेत. १५ ते २० ग्रेनवर ती बरीच वर्षं काढते.

आता स्प्रिंगकडे. १८७३ चा कोल्ट चपट्या स्प्रिंगांवर चालतो: घोड्याची मोठी, चाप-खिट्टीची दोन पायांची, आणि ‘हाता’च्या पाठीला खोचलेली चिमुकली. ट्रकच्या पाट्यांसारखीच जात, फक्त आकार नखाचा. पाटा तुटतो तो आखूड असूनही जास्त वाकवल्यामुळे, आणि जिथे ताण एका जागी साठतो तिथे. दोन पायांच्या स्प्रिंगमध्ये ती जागा ठरलेली असते: पाय फुटतात तो काटकोन. तो कोपरा गोलसर सोडला असेल तर ताण पसरतो; ठोकळ्याने कापून तीक्ष्ण सोडला असेल, तर चीर तिथूनच निघणार. वर कानशीचे किंवा घासकामाचे ओरखडे आडवे असतील तर प्रत्येक ओरखडा म्हणजे चिरेला दिलेलं आमंत्रण; उभे असतील तर तितकं नडत नाही. आणि शेवटी पाणी. पोलादाला पाणी कसं दिलं, त्यावर सगळं. नुसतं कडक केलं आणि परत तापवून पुरेसं उतरवलं नाही, तर स्प्रिंग काचेसारखी कडकते. जास्त उतरवलं, तर तुटत नाही पण वाकूनच राहते आणि खिट्टी आळसावते. हे डोळ्यांनी कळत नाही. उत्तम आणि टाकाऊ स्प्रिंग डबीत शेजारी शेजारी ठेवल्या तर दोघी बहिणी वाटतील.

फ्रेमवरच्या त्या सुंदर रंगांचीही हीच कथा. जुन्या कोल्टच्या फ्रेमचं लोखंड मऊ असे. ते हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात पुरून तापवायचं, मग पाण्यात बुडवायचं. वरच्या कातडीत कार्बन मुरून ती कडक व्हायची आणि आत गाभा चिवट राहायचा. रंग हे त्या प्रक्रियेचं उपउत्पन्न होतं. आजच्या पुष्कळ प्रतिकृतींत पोलाद मुळातच पुरेसं चांगलं असतं आणि रंग बऱ्याचदा केवळ शोभेचा असतो. त्यात वाईट काही नाही. पण जो पैसा तिकडे जातो तो खिट्टीची शेपटी गुळगुळीत करण्यात गेला असता तर बरं झालं असतं. शेपटीची कड धारदार राहिली की ती घोड्याच्या उंचवट्याला रोज थोडं थोडं खाते; उंचवटा झिजला की खिट्टी वेळेआधी उसळते आणि सिलिंडरभोवती बारीक रेघ ओढते. ही रेघ दिसली की समजावं. अर्थात रेघेला मालकही जबाबदार असू शकतो. अर्ध्या ताणावरून घोडा तसाच खाली सोडायची सवय असेल तर चांगल्या जुळणीच्या रिव्हॉल्व्हरवरही ती उमटते. आधी पूर्ण मागे ओढायचा, मग सावकाश खाली आणायचा, असा शिरस्ता आहे. तसाच दुसरा शिरस्ता पाचच काडतुसं भरायचा: एक भरा, एक घर सोडा, चार भरा, घोडा पूर्ण ताणा आणि रिकाम्या घरावर अलगद उतरवा. पहिल्या खटक्याच्या सुरक्षा-खाचेचा ओठ इतका पातळ असतो की रिव्हॉल्व्हर घोड्यावर आपटलं तर तो तुटू शकतो, आणि खाली काडतूस असेल तर ते उडतं.

या सगळ्यावर अमेरिकेतच एकाने उपाय काढला. बिल रुगरने १९५३ च्या .२२ मध्ये चपट्या स्प्रिंगा काढून गुंडाळीच्या तारेच्या घातल्या, १९५५ मध्ये तीच रचना .३५७ च्या ब्लॅकहॉकमध्ये आणली. फ्रेम ओतीव. ‘ओतीव’ म्हटलं की आपल्याला बिडाचा तवा आठवतो आणि नाक मुरडलं जातं. पण ही पद्धत मेणाच्या साच्याची, पंचधातूच्या मूर्ती ओतायची जी रीत तीच, नीट केलेली. .४५ कोल्टच्या भरणीच्या कोष्टकांत केवळ रुगरसारख्या जाड सिलिंडरांसाठी वेगळं, जास्त दाबाचं पान असतं, आणि ते पान प्रतिकृतीसाठी वाचणं म्हणजे आत्मघात. १९७३ मध्ये रुगरने घोडा आणि काडतुसावर आपटणारी फायरिंग पिन यांच्यामध्ये एक सरकपट्टी घातली. चाप ओढल्याशिवाय घोड्याचा ठोका पिनपर्यंत पोचतच नाही, म्हणून सहाही घरं भरता येतात. झडप उघडली की सिलिंडर मोकळा. अर्ध्या ताणाची गरजच उरली नाही.

आणि अर्धा ताण गेला तसे ते चार खटकेही गेले.

मजबुतीच्या कुठल्याही कसोटीवर ते रिव्हॉल्व्हर सरस आहे, यात वाद नाही. तरी ते हातात घेतल्यावर अंगठ्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, हेही खरं. चाळीस वर्षं रुगरने नेम मारणारी माणसं म्हातारपणी इटालियन प्रतिकृती घेतात आणि सोबत सुट्या स्प्रिंगांची डबी. ती डबी घेताना आकाराची खात्री करावी. इटालियन आटे मेट्रिक, कोल्टचे इंची, त्यामुळे अस्सल कोल्टचा स्क्रू महाग मोजून आणला तरी बसत नाही. स्क्रूड्रायव्हर साधा, टोकाला निमुळता वापरू नये. तो खाचेत वरवर बसतो आणि घसरून कडा उचकटतो. टोकाला दोन्ही बाजू समांतर हव्यात. जिथे स्क्रूंची डोकी उचकटलेली, तिथे आत कुणाचातरी हात गेलेला आहे, हे वापरलेलं हत्यार घेताना सगळ्यात आधी बघायचं. मग घोडा अगदी हळू ओढत, सिलिंडरवर बोटाचा किंचित अडसर ठेवून, सहाही घरं एकेक करून तपासायची. प्रत्येक घराला खिट्टी चौथ्या खटक्याआधी बसायला हवी. नळी-सिलिंडरमधली फट फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) ०.१ ते ०.२ मिलिमीटर भरावी. सिलिंडर ज्यावर फिरतो ती पिन दोन खाचांची असेल तर ती पहिल्या खाचेवर ठेवावी; आतल्या खाचेवर सरकली की ती घोड्याला अडवते आणि बार उडत नाही, मग माणूस उगाच काडतुसाला दोष देत बसतो.

त्या तुटक्या पायाकडे परत. भिंगाखाली धरला तर तुटलेल्या तोंडावर दोन रंग दिसत होते. कोपऱ्याकडची चंद्रकोर काळपट, तेल मुरलेली. उरलेला भाग ताजा, करडा, साखरेच्या दाण्यांसारखा चमकणारा. काळपट भाग म्हणजे जुनी चीर. ती पहिल्या काही बारांतच सुरू झाली असावी, आणि बाकीच्या दोनशे बारांत स्प्रिंग तिच्यासकट मुकाट काम करत राहिली. चमकणारा भाग शेवटच्या क्षणाचा.

नवी बसवली ती तारेची. चपट्या पट्टीऐवजी गोल तार वाकवून केलेली, बाहेरून काही कळत नाही. बसवण्याआधी खिट्टीची शेपटी बारीक दगडावर गुळगुळीत केली, धार मोडण्यापुरतीच. कोन बदलला तर वेळ बदलते. स्प्रिंगचा स्क्रू आवळला, तेलाचा एक थेंब, कमान परत चढवली. घोडा सावकाश मागे. पहिला, दुसरा, तिसरा, आणि त्याला चिकटून चौथा. पुढचं घर, तसंच. पाच घरं तशीच. सहाव्यावर तिसरा केसभर उशिरा येतो, चौथ्याच्या अंगावर पडल्यासारखा. तिथला सिलिंडरचा दाता कारखान्यातूनच किंचित आखूड आलेला आहे.